एकाच भोंग्यातून

सीताबर्डीच्या फुटपाथवर पेन ड्राइव्हमध्ये गाणी भरून देणारा एक मुलगा बसतो. जुना लॅपटॉप, वर प्लास्टिकचा कागद, बाजूला चार्जरांची आणि इअरफोनांची माळ. या पुस्तकाची टंकलिखित प्रत हातात आली त्या आठवड्यात मी त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, प्रल्हाद शिंदेंची गाणी भरून दे. त्यानं मान वर न करता विचारलं, "कोन्त्या सनाचे पायजे, काका?"

मी म्हटलं, सगळ्या. तेव्हा कुठे त्यानं वर पाहिलं. त्याच्या पडद्यावर चार फोल्डर होते: गणपती, देवी, विठ्ठल, जयंती. हा आवाज चारही फोल्डरमध्ये होता. प्रल्हाद शिंदे या नावाचा फोल्डर मात्र नव्हता. गिऱ्हाईक सणाच्या नावानं येतं, गायकाच्या नावानं येत नाही, एवढाच त्याचा साधा हिशोब. प्रस्तावना कुठून सुरू करावी या विवंचनेत मी होतो, ती त्या मुलानं मिटवली.

आणि खरं सांगायचं तर मीही त्या गिऱ्हाइकांपैकीच. आमच्या घरी रेडिओवर नाट्यगीतं लागत, भावगीतं लागत, गीतरामायणाची पारायणं होत. गायक कोण, कवी कोण, राग कोणता, याची चर्चा चहाबरोबर चाले. प्रल्हाद शिंदेंचा आवाज मात्र घरात कधी लागला नाही. तो खिडकीतून आला. मंडपातून, टपरीवरून, एस.टी. स्टँडवरच्या रसवंतीतून, दर वर्षी, न चुकता. खिडकीतून येणाऱ्या आवाजाला कुणी नाव विचारत नाही. चाळीस वर्षं ऐकूनही मी विचारलं नव्हतं. म्हणून या पुस्तकाच्या लेखकानं प्रस्तावना मागितली तेव्हा आधी नाही म्हणालो, आणि मग ओशाळून हो म्हणालो.

हे पुस्तक नागपुरात लिहिलं गेलं, याला अर्थ आहे. प्रल्हाद शिंदे नागपूरचे नव्हेत, ते सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचे. पण त्यांचा आवाज कसा वाजतो, कुठे अडतो आणि कुठे पाझरतो, हे ताडून बघायला नागपूरसारखं दुसरं गाव नाही. आमच्याकडे पोळा ते दसरा हा काळ चाळीस तिथ्यांचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या नागपुरातून काळी-पिवळी मारबत निघते, पाठोपाठ चितार ओळीतून गणपती हलतात, ते विसर्जित झाले की पितृपक्षातही गाव गप्प बसत नाही, कारण तेव्हा महालात भोसल्यांचा मस्कऱ्या गणपती असतो. मग नवरात्र, कोराडीच्या देवीकडे चालणारी रात्रीची रांग. आणि शेवटी दसरा. त्या दिवशी उरलेल्या महाराष्ट्रात सोनं लुटतात. नागपुरात दीक्षाभूमीवर लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत उभी असतात, कारण १४ ऑक्टोबर १९५६ ला, त्या वर्षीच्या विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे धम्मदीक्षा घेतली आणि आपल्या अनुयायांना दिली. या चाळीस दिवसांत गावातले भोंगे उतरत नाहीत, फक्त गाणी बदलतात. आवाज पुष्कळदा तोच राहतो.

प्रल्हाद भगवानराव शिंदे यांचा जन्म १९३३चा. आईचं नाव सोनाबाई. घरात भजन-कीर्तन होतं, त्यामुळे गाणं शिकायला मुलाला कुठे जावं लागलं नाही. मंगळवेढं हे गाव मराठी माणसाला दामाजीपंतांमुळे माहीत आहे, कान्होपात्रेमुळे माहीत आहे. पण या चरित्राच्या दृष्टीनं त्या गावाशी जोडलेलं तिसरं नाव महत्त्वाचं. १३३८ साली याच मंगळवेढ्यात गावकुसाचं बांधकाम कोसळून संत चोखामेळा गेले. कुसाबाहेर राहणाऱ्याचा जीव कूस बांधताना गेला. त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपूरला नेल्या आणि समाधी बांधली ती महाद्वाराशी, मंदिराच्या बाहेर. पुढची सहाशे वर्षं चोखोबांच्या माणसांसाठी दर्शन तिथेच संपत होतं. साने गुरुजींनी १९४७च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण केलं तेव्हा ते दार उघडलं. मंगळवेढं तिथून पंचवीसेक किलोमीटर. प्रल्हाद तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा होता.

हे वर्ष वाचकांनी लक्षात ठेवावं, अशी माझी विनंती आहे. पुढे ज्या आवाजावर अवघ्या महाराष्ट्राची आषाढी उभी राहिली, त्या आवाजाच्या धन्याला त्याच्या बालपणी विठ्ठलापुढे उभं राहण्याची मुभा नव्हती. 'पाऊले चालती पंढरीची वाट' हे दत्ता पाटलांचं गीत, मधुकर पाठकांची चाल. वारीच्या दिवसांत ते मुक्कामाच्या गावोगावी वाजतं. त्या गाण्यात तक्रार नाही, मागणी नाही, चालणाऱ्याचा नुसता ठेका आहे. पण १९४७ हे वर्ष मनात ठेवून ते ऐकलं की त्याच ओळी वेगळ्या कानांनी ऐकू येतात. निदान मला आल्या.

आवाजाची घडण मात्र कीर्तनापेक्षा कव्वालीत झाली, असं माझं मत आहे, आणि पुस्तकातलं कव्वालीवरचं प्रकरण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. इस्माईल आझाद हे त्या काळातलं मोठं नाव. 'अल हिलाल' या १९५८च्या चित्रपटातली त्यांची कव्वाली अजून लग्नाच्या वरातीत वाजते. त्यांच्या पार्टीत प्रल्हाद शिंदे कोरसमध्ये होते. कोरसमध्ये बसणं म्हणजे काय, हे बैठकीच्या गायनावर वाढलेल्या माणसाला सहज कळत नाही. मुख्य गायक ओळ टाकतो, ती कोरसनं हवेतच झेलायची, त्याच जोरानं परत फेकायची, आणि त्यानं श्वास घेईपर्यंत टाळी खाली पडू द्यायची नाही. रात्री दहाला बसलेली पार्टी पहाटे उठते. मायक्रोफोन एक, तोही मुख्य गायकापुढे. मागच्यांनी पोहोचायचं ते स्वतःच्या छातीवर. अशा तालमीतून आलेला गळा पुढे एकट्यानं माइकसमोर उभा राहिला तेव्हा त्यानं माइकची मदत मागितलीच नाही.

त्या गळ्याचं वर्णन करताना 'पहाडी' हा शब्द सगळेच वापरतात आणि तिथेच थांबतात. मला त्यात तीन गोष्टी ऐकू येतात. एक, तो वरच्या पट्टीत सुरू होतो, चढत नाही. भावगीत गायक पायऱ्या चढून गच्चीवर जातो, हा माणूस गच्चीवरूनच हाक मारतो. दोन, शब्द. इतक्या वरच्या सुरात आणि इतक्या जोरात गाताना शब्द चेंदला जातो, यांचं एकही अक्षर सांडत नाही. फाटक्या पडद्याच्या भोंग्यातून, चौकाच्या पलीकडून, ट्रकच्या हॉर्नवरूनही शब्द कळतो. सणाच्या गाण्याला याहून मोठा गुण कोणता? ते गाणं बसून ऐकलं जात नाही. भाजी निवडताना, मंडपाचे बांबू बांधताना, झोपेतून उठताना ते कानावर पडतं. तीन, आर्जव. कव्वालीत अल्लापुढे पदर पसरण्याची एक रीत आहे, थोडी भांडणाची, थोडी लाडाची. ती त्यांनी विठ्ठलाशी बोलताना जशीच्या तशी आणली. देवाला प्रश्न विचारणारी त्यांची गाणी ऐकताना वाटतं, हा भक्त हात जोडून उभा नाही, दारात बसून राहिला आहे.

हा धंदा हंगामाचा होता, हे विसरून चालणार नाही. आपण कलावंताबद्दल लिहिताना त्याची साधना लिहितो, त्याचं पोट लिहीत नाही. लोकगीतांच्या बाजारात पेरणीसारखं वेळापत्रक असे. गणपतीची गाणी उन्हाळ्यात मुद्रित करायची, म्हणजे श्रावणाआधी माल दुकानात. देवीची त्यामागून. एप्रिलच्या १४ तारखेची गाणी थंडीत. आणि खरी कमाई ध्वनिमुद्रिकेपेक्षा कार्यक्रमाच्या सुपारीवर. जयंतीचा महिना म्हणजे रोज वेगळं गाव, रोज वेगळं मैदान. विदर्भात बुद्ध-भीमगीतांच्या कार्यक्रमाला अजून एक पद्धत दिसते: गाणं रंगलं की माणूस उठतो, दहा-पन्नासाची नोट आणि नावाची चिठ्ठी पेटीवर ठेवतो, आणि गायक दोन कडव्यांच्या मध्ये ते नाव सुरात पुकारतो. अमुक वस्तीचे अमुक यांच्याकडून. दिवसभर ज्याला कुणी नावानं हाक मारली नाही, त्याचं नाव मध्यरात्री भोंग्यातून गावभर जातं. शिष्ट रसिकाला यात रसभंग वाटेल. मला ती दाद वाटते, आणि वर पावतीही.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत कॅसेट आली आणि या बाजाराचं रूप पालटलं. ग्रामोफोन घेणं मजुराच्या आवाक्यात नव्हतं, टेपरेकॉर्डर आला. ज्यांच्या घरात पुस्तक नव्हतं त्यांच्या घरात आवाज विकत आला. दीक्षाभूमीबाहेरच्या दुकानांमधून दसऱ्याला परत जाणारा माणूस पुस्तक, बुद्धमूर्ती आणि कॅसेट अशा तीन वस्तू पिशवीत घालून नेई. पुस्तकं अजून तशीच खपतात, कॅसेटीची जागा आधी सीडीनं आणि मग नखाएवढ्या मेमरी कार्डानं घेतली.

आता अवघड प्रश्नाकडे येतो, कारण नागपुरात बसून तो टाळता येत नाही.

'तूच सुखकर्ता' हे गाणं माहीत नाही असा मराठी माणूस शोधावा लागेल. गणपतीच्या आरतीखालोखाल मंडपात वाजत असेल तर ते हेच. चाल मधुकर पाठकांची, आवाज प्रल्हाद शिंदेंचा आणि शब्द हरेंद्र जाधवांचे. जाधव आंबेडकरी चळवळीतले कवी, बुद्ध-भीमगीतांसाठी घराघरांत ओळखले जाणारे, २०२२च्या जानेवारीत गेले. गायकही बौद्ध, आंबेडकरी. म्हणजे गणपतीचं सर्वांत लाडकं गाणं अशा दोघांनी घडवलं, ज्यांच्या धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांपैकी तिसरी प्रतिज्ञा गौरी-गणपतीला न मानण्याची आहे. आणि ती प्रतिज्ञा पहिल्यांदा उच्चारली गेली ती आमच्या गावात.

इंदोऱ्यातली, पाचपावलीतली शिकलेली मुलं हा प्रश्न विचारतात आणि रागानं विचारतात. प्रतिज्ञा काय तोंडानं म्हणायच्या? त्यांच्या रागाला मी उथळ म्हणणार नाही. त्यांच्या आजोबांनी घरातले देव खरोखर पाण्यात सोडले होते. त्यासाठी गावाचा बहिष्कार सोसला होता. त्यांना 'अहो, कलेला धर्म नसतो' असलं गुळगुळीत उत्तर देणं हा त्यांचा अपमान आहे. कलेला धर्म असतो, जात असते, मंडपाची वर्गणीही असते.

दुसऱ्या बाजूचे लोक हीच गोष्ट अभिमानानं सांगतात. बघा, किती समरसता! त्यांचं कौतुक मला त्या रागापेक्षा जास्त खटकतं. ज्या मंडपात हे गाणं दिवसातून दहा वेळा वाजतं, तिथे गायकाचं नाव कुणी जाहीर केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आवाज घ्यायचा आणि नाव दारात ठेवायचं, ही पद्धत चोखोबांच्या समाधीइतकी जुनी आहे.

या पुस्तकाच्या लेखकानं यावर निकाल दिलेला नाही, ते बरं केलं. मला स्वतःला जे दिसतं ते सांगतो. प्रल्हाद शिंदे गाणं हे काम म्हणून करत होते, जसा गवंडी देऊळही बांधतो आणि विहारही. पण गवंड्याचा दाखला पुरता लागू पडत नाही, कारण त्याच्या विटेत गवंडी ऐकू येत नाही. इथे येतो. विठ्ठलाच्या गाण्यांत मला केवळ कामगिरी ऐकू येत नाही, पिढीजात हक्काचं काहीतरी ऐकू येतं, दार बंद असताना शेकडो वर्षं बाहेरून गायलेलं. गणपतीच्या गाण्यांत ते तसं नाही. तिथे कारागिरी आहे, अव्वल आणि आनंदी. आणि भीमगीतांत आर्जव संपतं. तोच गळा, तीच पट्टी, पण मागणं जातं आणि ताठरपणा येतो. तिन्ही एकामागून एक ऐकून बघा. मी त्या फुटपाथवरच्या पेन ड्राइव्हवर तेच केलं.

परमुलुखातला एक दाखला इथे द्यावासा वाटतो. अमेरिकेत खेडवळ ढंगाच्या गाण्याला कंट्री म्हणतात. त्यातला जीन ऑट्री हा आधी रेल्वेत तारबाबू होता, मग पडद्यावरचा गाणारा गुराखी झाला. १९४९ साली त्यानं लाल नाकाच्या रेनडिअरचं एक नाताळगीत गायलं आणि दर डिसेंबरात तो परत जिवंत होऊ लागला. त्या गीताचा कर्ता जॉनी मार्क्स ज्यू होता, नाताळ न मानणाऱ्या समाजातला. त्याच्याही आधी, १९४२च्या चित्रपटात बिंग क्रॉस्बीनं गायलेलं नाताळचं सर्वांत गाजलेलं गाणं आयर्विंग बर्लिनचं, तोही रशियातून आलेल्या ज्यू घरातला. दुसऱ्याच्या सणाची गाणी उंबऱ्याबाहेरच्याला इतकी नेमकी का सुचत असावीत? बर्लिनला निदान नाव मिळालं, पैसाही मिळाला. आपल्याकडे हरेंद्र जाधवांचं नाव दहा जणांना विचारून पाहावं.

मराठी संगीत-समीक्षेनं या माणसाकडे जवळजवळ पाहिलेलंच नाही. भावगीताचे कवी, चाली, मैफली यांवर आपल्याकडे ग्रंथ आहेत. सणाच्या गाण्यावर लिहायचं तर शब्दही अपुरे पडतात. 'रांगडा' म्हणायचं आणि पुढे जायचं, एवढीच आपली परिभाषा. तमाशा, शाहिरी यांना अभ्यासक मिळाले, पण मंडपाच्या भोंग्याला कोण मिळणार? त्यामुळे या पुस्तकातल्या ध्वनिमुद्रिकांच्या याद्या, कोरसमधल्या साथीदारांच्या आठवणी, ढोलकी आणि बेंजो वाजवणाऱ्यांच्या मुलाखती हा ऐवज म्हणून जपण्यासारखा आहे. लेखकाची भाषा काही ठिकाणी भारावते, विशेषणं एकमेकांना धक्के देतात. संपादकानं कात्री लावायला हवी होती. पण कुणीच न केलेलं काम करणाऱ्याला एवढं भारावणं माफ असावं.

२००४ हे साल या परंपरेला फार जड गेलं. १५ मे रोजी नाशिकमध्ये वामनदादा कर्डक गेले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, ज्यांच्या शब्दांवर भीमगीतांच्या किती पिढ्यांचे गळे तयार झाले. त्यानंतर एकोणचाळीस दिवसांनी, २३ जूनला, प्रल्हाद शिंदे गेले. आषाढी तोंडावर आली होती. तिसरे विठ्ठल उमप, त्यांचा मृत्यू तर आमच्याच गावातला. २६ नोव्हेंबर २०१०, दीक्षाभूमी, एका बौद्ध दूरचित्रवाहिनीच्या उद्घाटनाचा सोहळा. शाहीर मंचावर होते आणि मंचावरच कोसळले. त्या रात्री नागपुरात जे होते ते अजून तारीख विसरलेले नाहीत.

शिंदे घराण्याचा आवाज मात्र थांबला नाही. आनंद आणि मिलिंद या मुलांनी पोपटाच्या गाण्यानं ऐंशीच्या दशकातल्या वराती गाजवल्या. नातू आदर्श यानं 'दुनियादारी' या २०१३च्या चित्रपटात गाभाऱ्याचं गाणं गायलं, तेव्हा मल्टिप्लेक्समधल्या प्रेक्षकाला वाटलं की हा नवा आवाज आहे. आमच्या फुटपाथवरच्या मुलाला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, कोन्त्या घरचा ते.

नागपूरपासून चाळीसेक किलोमीटरवर, कळमेश्वर तालुक्यात, धापेवाडा आहे. विदर्भाचं पंढरपूर म्हणतात त्याला. नदीचं नावही चंद्रभागाच. आषाढी पौर्णिमेनंतरच्या यात्रेला मी एकदा माझ्या एका शेजाऱ्याला घेऊन गेलो होतो. एम्प्रेस मिलमध्ये उभं आयुष्य काढलेला माणूस, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. १९५६ला वडिलांच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेलेले. देवळात येणार नाही हे त्यांनी निघतानाच सांगून ठेवलं होतं. मी दर्शन घेऊन आलो तेव्हा ते घाटाजवळच्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसले होते. टपरीच्या भोंग्यातून प्रल्हाद शिंदे गात होते, चुरचुरणारं जुनं ध्वनिमुद्रण, बहुधा कॅसेटीवरून उतरवलेलं. मामांनी हातानं मला गप्प राहायला सांगितलं. तरुणपणी त्यांनी वस्तीतल्या गायन पार्टीत कोरस केला होता, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. कडवं संपलं, कोरसनं ओळ उचलली, आणि मामांचा तळहात मांडीवर पडता पडता थांबला.

"टाळी सुटली राजा," ते म्हणाले. "मागच्यायची. ऐकलं का? त्यानं कसं सांभाळून घेतलं ते पाय आता."